कारणाच्या रकान्यातील ‘तंबाखू’ खोडण्याबाबत

प्रति,
माननीय कारखाना निरीक्षक साहेब,
कामगार सुरक्षा व आरोग्य कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताला.

अर्जदार : टाकेवाली (मल्च कारखान्याच्या फाटकावर या नावाने विचारल्यास पहारेकरी माझ्या टेबलापर्यंत आणून सोडतो.)

विषय : माझे पती, चक्कीवरील माजी कामगार, यांच्या आजाराचे कारण म्हणून आपल्या नोंदवहीत लिहिलेला ‘तंबाखू’ हा शब्द खोडून तेथे ‘लाकडाची धूळ’ असे लिहिणे, तसेच सदर धूळ कारखान्यातून धुऊन टाकली जाण्याआधी आपण स्वतः येऊन पाहणे.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) त्या तिन्हींना मिळून आलेले आपले एक उत्तर : “मजकूर भावनिक असून मुद्देसूद नाही, सबब दप्तरी दाखल.”

महोदय,

“आली बघ भुशाची बाई. आज आपण जेवायला लवकर उठू या,” असे आपल्या आवक खिडकीवरच्या बाई गेल्या मंगळवारी शेजारच्या टेबलाला म्हणाल्या. खिडकीची काच पूर्ण लागत नाही, हे त्यांच्या लक्षात नसावे. मी हातभर अंतरावर उभी होते. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, हे सुरुवातीलाच नमूद करते. मागच्या खेपेला मी त्यांच्या टेबलावर कोपर टेकले होते, आणि मी गेल्यावर तिथे उमटलेला पिवळट ठसा त्यांना ओल्या फडक्याने दोनदा पुसावा लागला. टेबल पुसावे लागले तर माणूस कुरकुरणारच. माझ्या पतींना छाती आतून पुसता येत नाही, म्हणून हा चौथा अर्ज.

आपल्या सूचनेनुसार या वेळी मुद्दे क्रमांक घालून लिहीत आहे. क्रमांक घातले की मधला एखादा गहाळ झाल्यास लगेच कळते, हे मी पिशव्या मोजताना शिकले.

१. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. पुढचे शिक्षण पिशव्यांवरच्या छापील सूचना, वाचनालयातला जाडजूड शब्दकोश आणि आपल्या कार्यालयाची पत्रे यांवर झाले. ‘सबब’ आणि ‘उपरोक्त’ हे शब्द आपल्याकडूनच घेतले आहेत, ते चुकीच्या जागी पडले असल्यास क्षमा असावी. गेली सतरा वर्षे मी मल्च कारखान्यात भरलेल्या पिशव्यांची तोंडे शिवते. फांद्या, साली आणि मोडकी लाकडी खोकी दळून आम्ही बागेत झाडांच्या बुंध्याशी पसरायचे आच्छादन करतो. त्याने मुळांना गारवा मिळतो, ओल टिकते, तण उगवत नाही. झाडांचे इतके लाड करणारा धंदा दुसरा नसेल. माणसांचे पुढे येईलच.

२. माझ्या पतींनी त्याच कारखान्यात एकोणीस वर्षे चक्कीच्या तोंडाशी उभे राहून लाकूड आत लोटले. दळण्याच्या यंत्राला आम्ही चक्की म्हणतो. गेल्या आठ महिन्यांपासून ते घरी आहेत. आमच्या खोलीपासून मोरीपर्यंत अकरा पावले आहेत. सहाव्या पावलाला ते भिंत धरून थांबतात. भिंतीवर त्या जागी त्यांच्या तळव्याचा डाग पडला आहे, मी तो पुसत नाही. मोठ्या दवाखान्यातील डॉक्टरांनी लिहून दिले आहे की वर्षानुवर्षे लाकडाची बारीक धूळ श्वासातून गेल्याने फुफ्फुसे आखडली आहेत. हे पत्र मी आपल्या कार्यालयात तीन वेळा दिले. आपल्या नोंदवहीत मात्र कारण म्हणून ‘तंबाखूचे दीर्घकालीन व्यसन’ असे लिहिले आहे. खिडकीवरच्या बाईंनी मला समजावून सांगितले की बाहेरच्या डॉक्टरांचे पत्र चालत नाही, कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याने दिलेला दाखला चालतो, आणि तो बदलायचा तर निरीक्षक साहेबांना जागेवर धूळ दिसली पाहिजे.

माझ्या पतींनी आयुष्यात तंबाखू तोंडात धरलेली नाही. कोणी शेजारी बसून ओढू लागले तर ते जागा बदलत. “छाती जपावी लागते, काम चक्कीवरचं आहे,” असे म्हणत. हे वाक्य आठवले की मला हसू येते, आणि ते हसू चांगले नसते.

३. सदर दाखला देणारे सुरक्षा अधिकारी हे माझे सख्खे धाकटे भाऊ आहेत.

आपण हा मुद्दा पुन्हा वाचाल म्हणून थोडे मोकळे सोडून लिहिते. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि मी चौदाची. त्याला न्हाऊ घालणे, घास भरवणे, शाळेच्या दारात सोडून तो रडायचा थांबेपर्यंत भिंतीआड उभे राहणे, हे सगळे मी केले. त्याला कारखान्यात लावले ते माझ्या पतींनी. मालकांपुढे हात जोडून, “पोरगा हुशार आहे, त्याला चक्कीवर नका घालू, कागदाचं काम द्या,” असे सांगून. मालकांनी कागदाचे काम दिले. सहा वर्षांपूर्वी त्याचा सुरक्षा अधिकारी झाला, निळा शर्ट आला, गळ्यात ओळखपत्र आले. तो रोज सकाळी पाळी सुरू होण्याआधीच ‘हवा समाधानकारक’ या रकान्यात सही करतो. हवा अजून यायची असते, सही आलेली असते. त्याच्या दिवाणखान्यात ‘सलग पाच वर्षे शून्य अपघात’ असे प्रमाणपत्र चौकटीत लावले आहे. त्या चौकटीची काच फार स्वच्छ असते.

४. धूळ कशी होते, हे आपल्याला माहीत असेलच, पण दप्तरात राहावे म्हणून लिहिते. ओली फांदी दळली तर धूळ कमी उडते. वाळकी खोकी दळली तर समोरचा माणूस दिसत नाही. म्हणून चक्कीच्या तोंडावर पाण्याचा फवारा लावलेला आहे. तो चार वर्षांपासून बंद आहे, कारण ओला माल पिशवीत घातला की त्याला पांढरी बुरशी धरते आणि गिऱ्हाईक पिशवी परत पाठवते. गिऱ्हाइकाने बुरशी परत पाठवली, तर आम्ही धूळ ठेवून घेतली. धूळ ओढून घेणारा मोठा पंखाही आहे. त्याच्या मागे कापडी पिशव्या असतात, त्यांत धूळ साठायला हवी. त्या फाटल्या की नव्या आणण्याऐवजी माझ्याकडे ठिगळ लावायला येतात. आता मूळ कापड कमी आणि ठिगळे जास्त आहेत. चाळणीवरची बाई म्हणते, “तुझा पंखा पुढून ओढतो आणि मागून ओकतो.” तिचा आवाज गेल्या हिवाळ्यापासून बसला आहे तो उठलेला नाही. ती म्हणते, “एक दिवस नाकातून पालवी फुटणार बघ माझ्या, मग मलाच दळा.”

५. मास्कबाबत. कारखान्यात चोवीस चांगले मास्क आहेत, गालाला घट्ट बसणारे, दोन बाजूंना गाळणी असलेले. ते काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवले आहेत. किल्ली सुरक्षा अधिकाऱ्याच्या कमरेला असते. दर महिन्याला मोजदाद होते आणि दर महिन्याला ते चोवीस भरतात. सबब, सुरक्षा मास्क पूर्णपणे सुरक्षित आहेत. कामगारांना महिन्याला एक पातळ फडके मिळते. ते धुतले की आरपार वर्तमानपत्र वाचता येते. माझ्या पतींनी एकदा कपाटातला मास्क मागितला, तेव्हा माझा भाऊ म्हणाला, “दाजी, तुम्हीच घातला तर सगळे मागतील.” दाजींना हे पटले. ते फार लवकर पटणारे गृहस्थ आहेत.

६. दर शनिवारी साफसफाई होते. झाडूने किंवा ओल्या फडक्याने नव्हे, तर हवेच्या पाइपाने. फर्रकन हवा सोडली की जमिनीवरची धूळ उठते, शेडभर फिरते आणि वर जाऊन तुळयांवर बसते. जमीन आरशासारखी होते. मालक जिन्यावरून खाली पाहतात आणि “वा!” म्हणतात. वर कोणी पाहत नाही. यंत्राबरोबर आलेल्या सुरक्षा पुस्तिकेत लिहिले आहे की कागदाला लावायच्या क्लिपच्या तारेइतका थर साचला तरी धोका मानावा, कारण ही धूळ हवेत पसरली आणि ठिणगी पडली तर भडका होतो. आमच्या तुळयांवर दोन बोटे थर आहे. माझ्या बोटांनी मोजून. मला जाड बोटांची म्हणतात.

ही पुस्तिका मला कुठे मिळाली तेही सांगते. भावाच्या घरी ओट्यावर गरम पातेल्याखाली ठेवलेली होती. मी म्हटले, “अरे, हे वाचायचं पुस्तक दिसतंय.” तो म्हणाला, “घेऊन जा की ताई, मी दुसरं काहीतरी ठेवीन.” मुखपृष्ठावर पातेल्याच्या बुडाचा काळा गोल आहे, पण आतला मजकूर शाबूत आहे. कोणीच वाचला नसल्याने पाने एकमेकांना चिकटलेली होती, ती मी सुरीने सोडवली.

ठिणगी पडते का, असे आपण विचाराल. पडते. मागच्या वर्षी एका खोक्यातला खिळा चक्कीत गेला, ठिणगी उडाली आणि वरून त्याच वेळी सांडलेल्या धुळीने भक्कन पेट घेतला. पाणी आणेपर्यंत आग विझलीसुद्धा, कारण हवेत होते तेवढे जळून गेले होते. त्यात माझ्या पतींच्या दोन्ही भुवया गेल्या. माझा भाऊ धावत आला, त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाला, “दाजी, दहा वर्षांनी तरुण दिसताय की!” सगळे हसले. मीही हसले. अपघाताच्या वहीत त्या दिवसापुढे ‘निरंक’ लिहिले आहे. भुवया पुन्हा येतात, म्हणून त्यांची नोंद करत नसावेत.

७. आता हा मुद्दा माझ्याविरुद्धचा आहे. तो मी मागच्या तीन अर्जांत लिहिला नव्हता.

सहा वर्षांपूर्वी, भाऊ अधिकारी झाला त्याच महिन्यात, चक्कीच्या शेडमध्ये भिंतीवर धूळमापक बसवला. जेवणाच्या डब्याएवढे खोके, त्यावर एक हिरवा दिवा आणि एक लाल. धूळ जास्त झाली की लाल दिवा लागतो आणि ते किंचाळते. किंचाळले की चक्की थांबवायची, असा नियम. पहिल्या आठवड्यात ते दिवसातून आठ-नऊ वेळा किंचाळले. चक्की थांबली की मालक जिन्यावर येऊन उभे राहत आणि नुसते घड्याळाकडे पाहत. चौथ्या दिवशी माझा भाऊ माझ्या टेबलाशी आला. “ताई, ते यंत्र फार नाजूक आहे गं. धूळ बसून बसून बिघडलंय, उगाच ओरडतं. त्याला एक टोपी शिवून दे ना.”

मी शिवून दिली. जाड कापड, दुपदरी, खाली इलॅस्टिक. दिवे झाकले जाऊ नयेत म्हणून त्या जागी दोन भोके ठेवून त्यांना काजासारखे टाके घातले. धूळ मोजायच्या यंत्राला धूळ लागू नये, म्हणून मी जीव ओतून काम केले, साहेब. दुसऱ्या दिवशी हिरवा दिवा लागला तो आजतागायत हिरवा आहे. कारखान्यात माझे कौतुक झाले. “काय हात आहे बाईचा, यंत्रसुद्धा गप्प बसवलं!” असे चाळणीवरची बाई म्हणाली, तेव्हा तिला आवाज होता. घरी आल्यावर पतीही म्हणाले, “तुझ्या हाताला गुण आहे.” आठवडाभर मी जमिनीवर नव्हते. तेव्हापासून दरवर्षी एक याप्रमाणे सहा टोप्या शिवल्या. पाचवीच्या काठाला वेलबुट्टीही काढली. मागच्या तपासणीच्या वेळी चक्की बंद होती आणि टोपी माझ्याकडे धुवायला होती. आपण स्वतः मापकावरून बोट फिरवून म्हणालात, “यंत्र किती स्वच्छ ठेवलंय, शाब्बास.” मी शेजारीच उभी होते. ती शाब्बासकी मी माझ्याकडे घेतली होती. ती परत करत आहे.

आठ महिन्यांपूर्वी, पती घरी बसले त्या आठवड्यात, मी पुस्तिकेचे नववे पान सोडवले. त्यावर मापकाचे चित्र आहे आणि खाली लिहिले आहे की यावर कोणतेही आवरण घालू नये, हवा खेळती राहिली पाहिजे. मी त्या पानाशी इतका वेळ बसले की चुलीवरचे करपले. माझ्या टाक्यांतून हवासुद्धा जात नाही, अशी माझी ख्याती आहे.

टोपी मागताना माझ्या भावाला हे माहीत होते की नव्हते, हे आमच्या घरात कोणी विचारलेले नाही. आमच्या घरात सध्या फार कमी गोष्टी विचारतात. पतींच्या तब्येतीबद्दल बोलायचे झाले तर प्रत्येक वाक्य “हवा बदलली की” असे सुरू होते आणि पूर्ण होत नाही.

८. आपण चौदा तारखेला तपासणीस येणार असल्याची लेखी सूचना कारखान्यास मिळाली आहे. ती सूचनाफलकावर लावली आहे, तिला चार टाचण्या आहेत. एरवी आमच्याकडे दोनच लावतात. अकरा तारखेपासून धुलाई सुरू होईल. पाण्याचे टँकर सांगून झाले आहेत. तुळया, भिंती, पंखा, सगळे धुतले जाईल. तेरा तारखेला काचेच्या कपाटातले मास्क बाहेर निघून खुंट्यांना लटकतील. चौदा तारखेला चक्की ‘देखभालीसाठी बंद’ राहील, आणि खोकणाऱ्यांना त्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळेल. त्यांची यादी माझ्या भावाकडे तयार असते. मागच्या यादीत सात जण होते, या वेळी अकरा आहेत. माझ्या पतींच्या छातीत जे आहे ते दाखवणारा कारखान्यात उरलेला एकमेव पुरावा तुळयांवर आहे. तो अकरा तारखेला गटारात जाईल, आणि मग तंबाखू कायमची राहील. डॉक्टरांनी मला जे सांगितले आहे त्यावरून पुढच्या तपासणीची वाट पाहण्याइतका वेळ आमच्याकडे नाही. याहून जास्त या मुद्द्यात लिहीत नाही, कारण हा कागद घरात पडलेला असतो.

९. सबब विनंती की,

(अ) आपण अकरा तारखेच्या आत, न कळवता यावे. मंगळवारी किंवा गुरुवारी अकरा ते एक या वेळेत यावे, तेव्हा वाळकी खोकी दळतात. पुढच्या फाटकातून येऊ नये, पहारेकऱ्याच्या स्टुलाखाली घंटेचे बटण आहे. मागून यावे, जिथे लाकडाच्या गाड्या रिकाम्या होतात. पांढरा शर्ट घालून यावे, दुसरे कोणतेही मापक लागणार नाही. चाळणीजवळ एक लांब काठी उभी असते. तिने तिसऱ्या तुळईवर एकदाच हलके टकटक करावे. आधी चक्की थांबवावी, आणि डोक्यावर काहीतरी घ्यावे.

(आ) मालकांना एक पूर्ण पाळी चक्कीच्या तोंडाशी उभे करावे, नाकावर आम्हाला मिळते तेच फडके. पाळी संपल्यावर त्यांना स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि कारखान्याचे नाव एका श्वासात म्हणायला सांगावे. जमले तर मी हा अर्ज मागे घेईन. एका पाळीत जमेल, हे मलाही माहीत आहे. म्हणून एकोणीस वर्षे उभे करावे, अशी मूळ विनंती होती. ती शेजारणीच्या सल्ल्यावरून कमी केली.

(इ) सुरक्षा अधिकाऱ्याने सर्व तुळया शिडीवर चढून, ओल्या फडक्याने, स्वतःच्या हाताने पुसाव्यात. निळ्या शर्टात. शिडी मी धरीन. घट्ट धरीन की नाही, याची हमी या अर्जात देता येत नाही.

(ई) नोंदवहीतील ‘तंबाखू’ हा शब्द आपण लाल शाईने, माझ्या पतींच्या देखत खोडावा. नोंदवही घरी नेता येत नसल्यास मी त्यांना खुर्चीत बसवून आणीन. दोन मजले आहेत, चार माणसे लागतील. चाळणीवरची बाई, तिचे दोन दीर आणि मी, असे ठरले आहे.

(उ) टोप्या शिवल्याबद्दल मला कायद्यात असेल ती शिक्षा द्यावी. नसेल तर नवी करावी.

१०. मंगळवारी खिडकीवरच्या बाईंनी माझा कच्चा मसुदा चाळून विचारले, “बाई, हा अर्ज आहे की सूड?” मी म्हटले, “दोन्हीला कागद एकच लागतो.” हे मी उद्धटपणे म्हटले नव्हते, पण तसे ऐकू गेले असल्यास हरकत नाही. मला भरपाई नको. कारखाना बंद पडावा, असेही माझे म्हणणे नाही. तिथे माझ्यासकट साठ चुली अडकलेल्या आहेत. या अर्जामुळे माझ्या भावाची नोकरी जाईल, भावजय माझ्याशी बोलणे टाकील आणि भाचरे मला रस्त्यात ओळख देणार नाहीत, या सगळ्याचा मी विचार केला आहे. आठ महिने केला आहे. भाऊ लहानपणी पडला की मी आधी त्याला उचलत असे आणि मग फटका देत असे. या वेळी आधी फटका देत आहे. उचलायचे पुढे बघू.

याल या आशेवर असलेली, आणि न आल्यास पाचव्या अर्जाचे कागद आणून ठेवलेली,

टाकेवाली
(सही)
शुक्रवार, ३ तारीख

सोबत :
१) डॉक्टरांचे पत्र, चौथी प्रत.
२) सुरक्षा पुस्तिका. वाचून परत करावी, मला ती लागते.
३) धूळमापकाची टोपी क्रमांक पाच, न धुतलेली.
४) पतींनी कामावर घातलेला शेवटचा शर्ट एका पाळीनंतर झटकून मिळालेली धूळ, बरणीत. झाकण सावकाश उघडावे.
५) रुग्णाची संमती. नियमाप्रमाणे अर्ज त्यांना पूर्ण वाचून दाखवून, त्यांची सही घेऊन जोडीन.

ता. क., रविवार, ५ तारीख :

वरील क्रमांक पाचची पूर्तता करताना जे घडले ते नमूद करणे आवश्यक वाटते.

पती घरी बसल्यापासून माझा भाऊ दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. फळे आणतो, दाजींच्या पलंगाशी स्टूल ओढून बसतो आणि हवामानाबद्दल बोलतो. आजही आला. मी त्याला आधी वाढले. त्याच्या आवडीचेच केले होते. तो जेवू लागल्यावर मी चष्मा लावला आणि हा अर्ज ‘प्रति’पासून मोठ्याने वाचायला घेतला. मुद्दाम त्याच्यासमोर आणि मुद्दाम जेवताना. तोंडात घास असला की माणूस मध्ये बोलत नाही.

तिसऱ्या मुद्द्याला त्याने चावणे थांबवले. आठव्या मुद्द्यातले डॉक्टरांबद्दलचे वाक्य मी वाचताना गाळले. शिडीच्या विनंतीपाशी माझे पती हसले. हसण्याचा खोकला झाला आणि त्याला बराच वेळ लागला. मी कागद खाली ठेवून त्यांची पाठ धरली. पाण्याचा पेला भावानेच आणला, कोणता पेला हलका आहे ते त्याला ठाऊक आहे. मग मी पुढे वाचले, सहीपर्यंत आणि बरणीपर्यंत.

भाऊ म्हणाला, “झालं समाधान, ताई? घरातलं असं चव्हाट्यावर आणून?”

मी म्हटले, “घरात राहिलं असतं तर बरंच होतं. यांच्या छातीत गेलं ना.”

“तू थकली आहेस,” तो म्हणाला. “आठ महिने झोप नाही तुला. मी समजू शकतो. एकदा हवा बदलली की दाजी...”

इथे माझ्या पतींनी हात वर केला. ते हल्ली चार शब्दांमागे थांबतात. ते थांबणे मी लिहीत नाही, आपण वाचताना मध्ये जागा सोडावी. ते म्हणाले, “हवा बदलून झाली. मी यातून उठत नाही. डॉक्टर हिला बाहेर नेऊन बोलले, तेव्हा मी झोपलो नव्हतो.”

मला वाटत होते की ते मला एकटीलाच माहीत आहे.

“ही रडत नाही, अर्ज लिहिते,” ते म्हणाले. “तू येऊन हवामान सांगतोस. मी झोपल्याचं सोंग करतो. तिघांनी मिळून छान चालवलंय. सही मी करीन हिच्या कागदावर. पण आधी तू मला एक सांग. मी मरतोय, तो तंबाखूनं?”

माझ्या भावाने ताट बाजूला सरकवले. त्याच्या हाताला अन्न लागलेले होते, तो ते पुसायला विसरला. मग त्याने स्टूल पलंगाजवळ ओढले.

“नाही, दाजी,” तो म्हणाला. “धुळीनं मरताय तुम्ही. आणि मला माहीत होतं.”